दुपटीचं वर्तुळ

ता. ४ जून

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. बाबा हल्ली खालच्या खोलीत झोपतात. जिना नको वाटतो त्यांना. मी महिनाभर एकही सभा घेतलेली नाही. संघटनेतल्या बायका म्हणतात, घसा गंजेल तुझा. गंजू दे.

फोनवर बोलायला गेले की तू म्हणतोस, "ताई, हे मैदान नाहीये, आवाज कमी कर." म्हणून लिहिते आहे. कागदाचा आवाज कमी करता येत नाही.

तुझं ते रक्तदाबाच्या गोळीचं चित्र. तुमच्या वेबसाइटवर आलं आणि बघता बघता लाखो फोनांत पोचलं. एक लहान करडं वर्तुळ, गोळी न घेणाऱ्यांचं. एक मोठं लालभडक, गोळी घेणाऱ्यांचं. वर ठळक अक्षरांत, 'मूत्रपिंडाचा धोका दुप्पट!' मी स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजलं. लहान वर्तुळ दोन सेंटीमीटर रुंद, मोठं चार. अरे, रुंदी दुप्पट केली की वर्तुळ चौपट होतं! शाळेत एकाच बाईंकडे शिकलो आपण हे. माणसाचा डोळा पट्टी घेऊन बसत नाही, तो पसारा बघतो. बातमी दुपटीची दिलीस आणि भीती चौपटीची विकलीस.

आणि दुप्पट कशाची? हजारात एकाला होणारा त्रास हजारात दोघांना झाला. हे तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. बरं, गोळी सोडली तर त्याच हजारातल्या किती जणांना अर्धांगाचा झटका येतो, त्याचं वर्तुळ कुठे आहे? ते तू काढलंच नाहीस. ते काढलं असतंस तर तुझं लालभडक वर्तुळ त्याच्या शेजारी टिकलीएवढं दिसलं असतं.

"लोकांना गणित नको असतं ताई, चित्र लागतं." ठाऊक आहे. मी आयुष्य गर्दीसमोर काढलंय. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, हे मलाही कळतं. पण ज्याला टाळ्या मिळवता येतात त्याने आकडा जास्त जपायचा असतो. माझं भाषण मैदान रिकामं झालं की संपतं. तुझं चित्र लोकांच्या घरात जाऊन राहतं.

ते दुरुस्त कर. तेवढ्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिही, 'आमचं चुकलं.' उशीर करू नकोस. घाई का, ते विचारू नकोस.

तुझी,
ताई

ता. १९ जून

छोट्या,

तुझा निरोप मिळाला. "चित्र काढून टाकलंय. झालं समाधान? खुलासा छापता येणार नाही. संपादक म्हणतात, वाचकांचा विश्वास उडतो."

नाही झालं समाधान. तुला सांगणार नाही असा शब्द मी बाबांना दिला होता. तो आज मोडते आहे.

बाबांना झटका येऊन गेला. एप्रिलअखेर. उजवा हात उचलता येत नाही, जीभ जड झाली आहे. तुझं चित्र बघितल्या दिवसापासून त्यांनी गोळी बंद केली होती. मला पत्ता लागू दिला नाही. चित्र छापून आणून फ्रिजवर लावलं होतं. येईल त्याला कोपऱ्यातलं तुझं बारीक नाव दाखवायचे, "आमच्या धाकट्याने काढलंय." मला वाटलं, कौतुक आहे लेकाचं, असू दे.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? "त्याला कळवू नकोस. जिवाला लावून घेईल."

मागच्या पत्रात मी नुसती भूमिती लिहिली. वाटलं, तेवढ्याने तू चूक जाहीर करशील, बाबा ते वाचतील आणि माझा शब्दही राहील.

कारण ते अजूनही गोळी घेत नाहीत, छोट्या. डॉक्टर समोर असले की जिभेखाली धरतात आणि नंतर खिडकीतल्या कुंडीत थुंकतात. पाणी घालताना मला मातीत सापडल्या. मी समजावलं, भांडले, पाया पडले. म्हणाले, "तू नुसती बोलतेस. तो दाखवतो." माझ्या एका शब्दावर कारखान्याची फाटकं बंद पडलेली आहेत. एका म्हाताऱ्या माणसाला एक गोळी गिळायला लावणं मला जमत नाही.

तू चित्र वेबसाइटवरून काढून टाकलंस तेव्हा मी धावत फोन घेऊन गेले. "बघा, गेलं. चुकीचं होतं ते." हसले. आता अर्ध्याच तोंडाने हसता येतं त्यांना. "गेलं कुठलं? काढून टाकायला लावलं त्याला. खरं बोललं ना पोरगं!" फ्रिजवरचा कागद मला उशाशी आणून ठेवायला लावला. आणि मला, स्वतःच्या मुलीला विचारलं, "तुला किती पैसे दिले गं त्या गोळीच्या कंपनीवाल्यांनी?"

तुझ्या गुपचूपपणाने हे झालं. तू चूक पुसलीस, कबूल केली नाहीस. त्यामुळे आता बाबांना ते चित्र पहिल्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका झेपणार नाही. म्हणून वाद मिटला समज. संपादक, खुलासा, वाचकांचा विश्वास, सगळं राहू दे. पत्र मिळताच फोन कर. माझ्याशी बोलूही नकोस, मी फोन त्यांच्या कानाला धरीन. "बाबा, मी चुकीचं काढलं. गोळी घ्या." एवढंच बोल. तुझ्या तोंडून. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत. त्यांचा चेहरा पडेल. तो तुला दिसणार नाही, मला बघावा लागेल. बघीन मी.

बाबांच्या लेखी विकली गेलेली,
तुझी ताई