पहिलं बाळंतपण बापाचं

१२ जून, गुरुवार. आंधळगाव

सातवा लागला. आज बाळाच्या खर्चाचा अंदाज काढायला बसले. दोन ब्लाउज अर्धे पडलेत, गिऱ्हाईक उद्या दारात उभं राहणार, तरी मशीन बाजूला सारलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायला लागले. गोळ्या, सोनोग्राफी, गाडी, दवाखाना, डिंक-मेथी, मालिशवाली, पाचवीची पूजा, बारसं. बारशापुढे हात थांबला. किती लोक बोलवायचे हे मी ठरवणार थोडीच.

नवरा, दिनेश, राईस मिलचा माल पोचवून आला, टेम्पो लावला, वाकून बघितलं. "पोट्टं अजून आलं नाही अन् तू त्याच्या नावानं खर्च टाकून राहिली."

म्हटलं, टेम्पो घ्यायच्या आधी डिझेलचा हिशोब केला होता ना? मग बाळानंच काय घोडं मारलंय?

१५ जून

सासूबाईंचा नियम: जन्माआधी बाळासाठी काही विकत आणायचं नाही, शिवायचंही नाही. गावभरच्या लेकरांची झबली मी शिवते, टोपड्यांना लेस लावते. आणि माझ्या बाळासाठी जुन्या लुगड्याच्या घड्या, त्याही सासूबाईच करणार, मी हात लावायचा नाही. म्हणजे कागदावर सगळ्याचे आकडे आणि घरात एक लंगोट नाही. राग येत नाही, हसू येतं. बरं, थोडा रागही येतो.

१९ जून

तुमसरच्या सरकारी दवाखान्यात तपासणी. सगळं ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथेच होईल, काळजी करू नका. म्हणजे दवाखान्याचा खर्च जवळजवळ नाहीच. मी खूश.

टेम्पोत बसल्यावर दि. म्हणतो, "अन् अडलं तर? रातोरात प्रायव्हेटमध्ये न्या लागलं तर?"

घरी येऊन वेगळा रकाना आखला. अडलं तर. त्यात ऑपरेशन, खोली, रक्त, धावपळीची गाडी. बेरीज एकदम छप्पन्न हजारांवर. लिहून टाकल्यावर उलट बरं वाटलं, कारण आकडा कळला की भीती जरा आवाक्यात येते. दि.नं टेम्पोच्या कमाईतून काही बाजूला टाकायचं कबूल केलं. माझे शिलाईचे आहेतच.

२२ जून, रविवार

आखाड लागायच्या आत डोहाळजेवण उरकलं. आई-बाबा सिहोऱ्याकडून पहिल्या बसनं आले. बाबांनी पिशवीत पाण्याची बाटली आणली होती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, अजून. दि. दरवर्षी चिडवतो, बाबा दरवर्षी हसतात.

दि.ला माझ्या यादीचं कोण कौतुक! सगळ्यांसमोर म्हणाला, "मामाजी, हिनं पुरा हिशोब काढला. छप्पन्न हजार!"

बाबा म्हणाले, "बराबर आहे. इतले तं लागतेच." मग बायकांना वाट द्यायला सतरंजीवर जरा सरकून बसले.

मला तेव्हा मिरवल्यासारखं झालं. हिरवी साडी, गजरा, वर हुशारीचं कौतुक.

६ जुलै, रविवार. माहेर

आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सासूबाईंनी निघताना पदरात तांदूळ घातले, रडल्या, आणि लगेच दि.ला ओरडल्या की टेम्पो हळू चालव.

आईनं माझी खाट खिडकीशी लावलीय. तिथून तलावाची पाळ दिसते. पाणी चढतंय.

९ जुलै

काहीतरी बिनसलंय. दरवर्षी या दिवसांत बाबा घरात सापडत नाहीत. तलाव भरत आला की मच्छीमार सोसायटीचे सगळे ढिवर पाळीवर. जाळी दुरुस्त करा, सांडव्याला जाळी बांधा, माशांचं बीज कुठून आणायचं यावर भांडा. बाबा मात्र तीन दिवस अंगणात बसून एकाच टोपलीला दोरी गुंडाळतायत.

दुकानात साखर आणायला गेले तर सोसायटीचे सचिव मोरेश्वरकाका भेटले. "बाई, तुह्या बाबाले का झालं? बीजाचा हिस्सा नाही टाकला त्यानं. बारा हजार आहेत यंदा. गाडी महिनाअखेर येऊन राहिली."

हिस्सा नाही तर उन्हाळ्यात वाटा नाही. सरळ नियम. बीज सोडायला ज्यानं पैसे घातले त्याचेच मासे. बाबांचं वर्षभराचं घर त्या वाट्यावर चालतं. बाकी दिवस मिळेल ती मजुरी.

संध्याकाळी आईला धरलं. आधी भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "तूनं आकडा सांगितला ना. छप्पन्न. त्यायनं जमवून ठेवले आहेत. बीजाचेबी त्यातच."

१० जुलै

रात्रभर नीट झोप नाही. सकाळी चहा ठेवून बाबांसमोर बसले.

सांगितलं की तो आकडा दोन्ही घरांचा होता. त्यात दि.चे आहेत, माझे आहेत. अर्धा तर फक्त अडलं तर म्हणून लिहिलेला. मी मागितला नव्हता, बाबा. मी नुसता काढला होता.

बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पहिलं बाळंतपण बापाचं असते. आकडा कोणीबी काढो."

"पण बीज?"

"एक साल नाही टाकलं तं का तलाव आटते?"

तलाव नाही आटत. घर आटतं. हे बोलले नाही, चहा गार होईपर्यंत तिथेच बसले. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. शहाणी, हिशोबी! ज्या घरात मुलीचं पहिलं बाळंतपण म्हणजे बापाची इभ्रत, तिथे मी बेरीज वाजवत गेले.

१४ जुलै

दि.ला फोन. सगळं सांगितलं. "अबे यार," एवढंच. मग म्हणाला, "मी घेऊन येतो बारा हजार." म्हटलं, बाबा जावयाकडून घेतील का?

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "तू इकडे येऊन जा. इथंच होऊन जाईन. त्यायचा खर्च वाचन."

मन चांगलं त्यांचं. पण आत्ता मी पिशवी उचलून परत गेले तर उद्या गाव म्हणेल, बापाला झेपलं नाही. बाबांचा वाटा वाचेल आणि मान जाईल. इथे राहिले तर मान राहील आणि वाटा जाईल. यादीत याला रकाना नाही.

बाळ आज फार लाथा मारतंय.

१८ जुलै

नवी यादी. कात्री चालवायची तर माझ्यासारखी कोण.

सरकारी दवाखानाच. मालिश आई करेल, तिचे हात काय कमी आहेत? बारसं घरच्यांपुरतं. चांदीचे वाळे पुढच्या वर्षी. राहिला सासरचा आहेर, बाळाला घेऊन जाताना सासूबाईंना लुगडं, दि.ला कपडे, नणंदेला साडी. तो बाबांनी कमी केला तर नाक कापलं. तो सासूबाईंनीच नको म्हणायला हवा.

फोनवर विचारलं. सासूबाई म्हणाल्या,

"मले नको लुगडं. माह्या पेटीत एक नवं कोरं पडून आहे, तेच नेसतो. अन् कोणी विचारलं तं सांगजो, माहेरून आलं म्हणून. मीबी तसंच सांगीन. पदर बहुत चांगला आहे त्याचा."

फोन ठेवल्यावर मी खूप हसले, मग रडले. आई म्हणे, हिला काय झालं.

चौदा हजारांत बसतंय सगळं. अडलं तर सोडून.

२० जुलै

बाबांना नवी यादी वाचून दाखवली. चौदा हजार. ऐकलं, मान हलवली. मग नेमकं तिथेच बोट ठेवलं. "अन् अडलं तं?"

"दि.नं ठेवलेत बाजूला."

"म्हणजे माह्या घरी लेक अडन, अन् जवाई पैसे मोजन, अन् मी पाहात उभा राहीन?"

उठून गेले. रागाचा आवाज नव्हता, तेच जास्त लागलं.

२३ जुलै, बुधवार

आज मी एक आगाऊपणा करायला गेले. शिलाईचे पैसे घेऊन मोरेश्वरकाकांकडे. बाबांच्या नावानं हिस्सा टाका म्हटलं.

काकांनी नोटांना हात लावला नाही. "बापाले न विचारता टाकले तं तो मले कधी बोलणार नाही. अन् तुलेबी नाही. तूच सांग त्याले. गाडी येतपर्यंत मी थांबतो."

परत येताना पाळीच्या खालून आले. दम लागला. चिंचेखाली बसून ठरवलं की आता आडून काही नाही, समोर बोलायचं.

जेवणं झाल्यावर बोलले. आईसमोरच. "बाबा, तुमचे पैसे डब्यात पडून राहिले आणि सगळं नीट झालं, तर उन्हाळ्यात या घरात काय असेल? बाळाला घेऊन मी वैशाखात येईन. तेव्हा मला काय वाढणार? अडलं तर घाबरायचं ते एका रात्रीसाठी. तलाव वर्षभराचा आहे. मला माहेर त्या रात्रीपुरतं नको, नंतरही पाहिजे."

माझा आवाज चढला होता. बापासमोर इतकं कधी बोलले नव्हते. बाबांनी ताटात हात धुतले, गमछा खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले.

आई म्हणाली, "झोप आता."

२७ जुलै, रविवार

बीजाची गाडी आली. पोटुशी बाई पाण्याच्या काठी नको, म्हणून मी खिडकीतून. पिशव्याच पिशव्या, आत बोटभर पोरं, कतला, रोहू. माणसं कमरेइतक्या पाण्यात.

त्यांत बाबा होते.

आई पाळीवरून धावत आली, धापा टाकत. "टाकला. काल रातीच देऊन आले मोरेश्वरच्या घरी. मलेबी नाही सांगितलं."

बाबा ओले होऊन आले, चहा मागितला. मी दिला. टोपली अंगणातून हलली होती.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. गल्लीभर लेकरं लाकडी बैल ओढत फिरतायत. बाबा बाजारातून रिकाम्या हातानं आले. आईनं सांगितलं, बैलाच्या दुकानापाशी थांबले होते म्हणे. हातात घेतला, भाव केला, परत ठेवला. जन्माआधी काही घ्यायचं नाही ना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन चांगलं आहे बाळाचं. आणि जरा जास्तच चांगलं आहे. बघू.

हे "बघू" घरी सांगितलं नाही. फक्त दि.ला सांगितलं.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून कळा. आधी वाटलं नेहमीसारख्या, आता नाहीत. दवाखान्याच्या आशाताई येऊन गेल्या, म्हणाल्या लगेच निघा, दवाखान्याच्या गाडीला फोन केलाय. गाडी यायला वेळ आहे, बसवत नाही, पडवत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर बघवत नाही.

आई पिशवी भरतेय आणि देवाला बोलतेय, दोन्ही एकदम.

बाबा अंगणात फोन घेऊन उभे. त्यांना नंबर लावता येत नाही, आईनं लावून दिला. मला वाटलं दि.ला नुसतं कळवतायत. पण आवाज ओळखीचा वाटेना, कुणाच्या दारात उभं राहून बोलावं तसा.

"जवाईबापू, आमी निघून राहिलो तुमसरले. तुमी या. अन् येतानी पैसे घेऊन या. माह्यापाशी आहेत, पण... कमी पडले तं तुमचेच लावा लागतीन."

मग तिकडचं ऐकून, "हो. मीच सांगून राहिलो."

फोन ठेवून आत आले. माझ्याकडे बघितलं नाही, खाटेखालच्या चपला काढून माझ्या पायाशी ठेवल्या. मी म्हटलं, बाबा. म्हणाले, "बोलू नोको, श्वास घे."

गाडीचा आवाज येतोय. कळ