न वाजलेलं खोकं

प्रिय मुंगळ्या,

गेल्या आठवड्यात तुझ्या आईचा फोन आला होता. तू नोकरी सोडतेस, महिनाअखेरीला राजीनामा देणार म्हणाली. वर मला बजावलं, की आई, तुम्ही तिला काही बोलू नका. नाही बोलत. लिहू नका असं काही ती म्हणाली नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं न ठेवता शेवटपर्यंत वाच.

तीन महिन्यांपूर्वी तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवायला नेलंस, तेव्हा मी तोंड वाकडं करून फिरले. खरं सांगायचं तर घरी आल्यावर आठवडाभर डोक्यात तेच. मक्यापासून काढलेलं प्लास्टिक, त्यात वायू कोंडून फेस करायचा, आणि तो घट्ट झाला की थर्माकोलसारखी वडी, नाजूक सामान बांधायला. नुसत्या प्लास्टिकच्या फेसात एक बुडबुडा वाटाण्याएवढा, दुसरा मोहरीएवढा, म्हणून ती वडी पटकन मोडते. मग तू त्यात लाकडाच्या लगद्यातले तंतू घालतेस, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. त्या तंतूंना धरून बुडबुडे उठतात, सगळे इवले, सगळे सारखे. हे सगळं तू मला हात धुताना साबणाच्या फेसावर बोट ठेवून समजावलंस, आणि माझ्या जाड डोक्यात ते शिरलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूकडून तू काम करून घेतेस. माझं तर समोर बसलेली माणसं ऐकत नाहीत.

काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी पॅकिंग केलं. भट्टीपाशी तुझे आजोबा काच फुंकायचे, दुसऱ्या टोकाला मी ती खोक्यात बसवायचे. थर्माकोलचे दाणे केसात, कानात, जेवणाच्या डब्यात. उरलेलं आम्ही मागच्या नाल्यात लोटायचो. आजोबा गेले, कारखाना बंद पडला, नाल्यात ते थर्माकोल अजून पांढरंशुभ्र आहे. तुझ्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टाकाऊ वड्यांचा डबा होता ना? तुझी पाठ वळल्यावर त्यातल्या पाच मी पिशवीत घातल्या. चोरीच म्हण. एक वडी, तू सांगितलं होतंस तशी, खताच्या ढिगात आत जिथे गरम असतं तिथे पुरली. परवा उकरलं तर चिमूटभर चुरा हाती लागला. मग नाल्यावरून चालत आले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या पांढऱ्या ढिगाची लाज वाटली.

आता तू काय घोळ घातलास ते सांगते, तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलंय. तुझ्या कंपनीचे साहेब म्हणाले वडी अजून कडक हवी, आणि तू तंतू दुपटीने घातलेस. त्यांच्या गुठळ्या झाल्या, बुडबुडे फाटले, साहेबांच्या देखत वडी टिचली आणि आतला काचेचा दिवा फुटला. तेवढ्यावर चार वर्षं वाया गेली असं तू ठरवून मोकळी झालीस. अगं, त्या साहेबांनी जन्मात एक तरी पेला बांधलाय का? आमची मुकादमीण नव्या पोरींना सांगायची, अंगठा दाबून बघा. तो रुतला पाहिजे आणि उचलल्यावर खड्डा भरून आला पाहिजे. कडक वस्तू धक्का आत पोचवते, स्वतः खात नाही. तुझ्या कमी तंतूंच्या वड्या यंत्राच्या आकड्यात बसल्या नाहीत म्हणून तू डब्यात टाकल्यास. मी त्या दाबून पाहिल्या. खड्डा असा भरून आला, की मी दहा वेळा दाबत बसले.

उरलेल्या चार वड्यांचं काय केलं ते ऐक. आजोबांनी फुंकलेली ती वाकड्या मानेची सुरई तुला आठवत असेल. सहा वर्षांची असताना तू तिला हात लावलास म्हणून मी तुला फटका मारला होता. तुझ्या आईचा फोन ठेवला आणि ती कपाटातून काढली. वड्या चाकूने कोरल्या, तिला आत बसवलं, खोकं बांधलं. वर ‘नाजूक’ मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं की जास्त आपटतात. पार्सलने तुझ्या काकाकडे पाठवलं आणि सांगितलं, न उघडता परत पाठव. त्याने वेड्यात काढलं, पण पाठवलं. काल ते आलं. एक कोपरा चेपलाय, झाकणावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा आहे. मी कानाशी धरून हलवलं. फुटलेली काच कितीही गुंडाळा, ती वाजते, आणि एवढ्या वर्षांत या कानाला ती फसवू शकलेली नाही. हे खोकं वाजलं नाही.

मी ते उघडलेलं नाही. हे पत्र त्यावरच चिकटवून तुझ्याकडे पाठवतेय, म्हणजे सुरईचा हा तिसरा प्रवास. राजीनामा दोन दिवस खिशात ठेव. खोकं तसंच उचलून त्या साहेबांच्या टेबलावर ठेव आणि बुटाचा ठसा त्यांना दाखवून मगच सुरी लाव. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही. सुरई मात्र परत पाठवू नकोस. तिला आता तू हात लावलेला चालेल.

तुझीच,
पॅकिंग खात्यातली आजी