यादीतून नाव काढण्याची मुदत

३ मार्च, सकाळ
पाच महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातून ईमेल आली: 'चाळिशी ओलांडलीत? डोळे तपासून घ्या.' पाठवणारा माझा माजी भागीदार. चौदा वर्षं आम्ही माझ्या या चष्म्याच्या दुकानात एकाच काउंटरमागे बसलो. दोन वर्षांपूर्वी त्याने रस्ता ओलांडला, निम्मी गिऱ्हाइकं मागोमाग गेली. आता मलाच चष्मा विकतोय.

४ मार्च
नियम वाचून काढले. जाहिरातीच्या प्रत्येक ईमेलमध्ये यादीतून नाव काढायची सोय हवी, आणि विनंती केल्यावर दहा कामाच्या दिवसांत नाव निघायला हवं. याच्या ईमेलमध्ये सोयच नाही. तळापर्यंत तीनदा पाहिलं. तिथे नुसती एक करडी रेघ आहे. सापडला.
हा सूड आहे का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. कर्तव्य आहे. ते करताना आनंद होतोय, हा योगायोग.
बायको म्हणाली, समोर जाऊन तोंडाने सांग, चाळीस पावलं तर आहेत. मी म्हटलं, दोन वर्षं बोललो नाही तो आता बोलू? मग म्हणाली, निदान वाचायचा चष्मा लाव. मला चाळिशी लागलेली नाही. हल्ली अक्षरंच बारीक असतात.

५ मार्च
त्याच्या ईमेलला उत्तर: 'माझं नाव काढा.' कॅलेंडरवर लाल फुल्या मारायला सुरुवात.

१२ मार्च
पुन्हा ईमेल. 'फ्रेमवर सूट.' मी शांत आहे. दुपारी एका काकूंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली, त्याचा याच्याशी संबंध नाही. काकू रस्ता ओलांडून गेल्या. हेही तक्रारीत घालावं का? नको. न्यायाने वागायचं.

१९ मार्च
मुदत संपली. ग्राहक कार्यालयाकडे तक्रार रवाना. एकट्याचं कोण ऐकतो, म्हणून माझ्या यादीतल्या सगळ्या ४१२ जणांनाही ईमेल: 'जागे व्हा. नको असलेल्या ईमेल येत असतील तर इथे तक्रार करा.' सोबत कार्यालयाचा पत्ता. पाठवतोच आहे तर खाली माझा दर सोमवारचा 'नेत्रविचार' लेख आणि गॉगलची जाहिरातही जोडली.
मेव्हण्याचा फोन. दाजी, त्या लेखातून मला सोडवा म्हणून तीनदा सांगितलंय, म्हणाला. त्याला थट्टेची सवयच आहे.

३ एप्रिल
कार्यालयातल्या बाईंचं उत्तर. समोरच्याच्या ईमेलमध्ये नाव काढायची लिंक आहे, तळाशी, करड्या अक्षरांत. ती फिकट असल्याबद्दल त्याला समज दिली, त्याने त्याच दिवशी अक्षरं मोठी केली. तुमच्या १९ मार्चच्या ईमेलमध्ये मात्र लिंक कुठेच नाही. एकवीस जणांच्या तक्रारी आल्या आहेत. पत्ता तुम्हीच दिल्यामुळे त्यांना सोपं गेलं. दहा दिवसांत लिंक घाला.
मोबाइल हात लांब करून पाहिला. करडी रेघच आहे. बाई म्हणतात ती अक्षरं आहेत.

६ एप्रिल, सकाळ
'नेत्रविचार'मध्ये लिंक घातली. त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. दाबणार कोण? लोक लेख जपून ठेवतात.

संध्याकाळ
४०३ जणांनी दाबली. पहिला मेव्हणा. चौथी बायको. तिला विचारलं, तर म्हणाली, किती छान ठळक दिसत होती.
उरले नऊ. सात पत्ते बंद पडलेले, एक माझाच. नववा समोरचा. त्याचं उत्तर आलंय: तुझे लेख दर सोमवारी वाचतो. आजच्यात 'डोळे' सोडून सगळ्या शब्दांत टायपिंगच्या चुका आहेत. दुपारी दुकान रिकामं असतं, ये, नंबर काढून देतो.
हे वाचायला विक्रीचा दीड नंबरचा चष्मा लावावा लागला. दिवा मंद होता.
हा त्याचा डाव आहे का, असं स्वतःला दोनदा विचारलं. मग लाल पेन घेऊन कॅलेंडरकडे गेलो.

उद्या: दुपारी दोन वाजता रस्ता ओलांडणे.