गुरुवारची सुट्टी

संत तुकाराम नगर, पिंपरी
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. तुझ्या उबवणीच्या मशीनसाठी दिला तसा, तापमान सांभाळणारा आमचा बोर्ड चाकणला आमच्या कंपनीत तीन महिने न थांबता चालला, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तिथे दर गुरुवारी लाईट जाते, कंपनीला सुट्टी असते आणि शुक्रवारी बोर्ड नव्याने सुरू होतो. माझ्या ध्यानात आलं नाही, कारण गुरुवारी मीही घरीच.

मग आठवलं, तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणजे तुझ्या बोर्डाला सुट्टीच नाही. एक बोर्ड घरी आणून इन्व्हर्टरवर ठेवला. नवव्या दिवशी तो गप्प झाला, हीटर चालूच ठेवून.

कारण शोधताना मात्र तहानभूक विसरले. मोठ्या कॉम्प्युटरवरची प्रोग्रॅमिंगची भाषा या बोटभर बोर्डाच्या इवल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नांदवणं हे माझं काम. मोठी सिस्टिम प्रत्येक काम संपलं की त्याने अडवलेली मेमरी स्वतः आवरून घेते. इथे मागून आवरणारं कोणी नाही. दर वेळी तापमान मोजलं की थोडी जागा अडते, शेवटी हलायलाही उरत नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं तरच ती मोकळी होते.

अंडी ठेवली नसशील तर थांब. कंपनीतल्या रणजीत सरांना अजून सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.
तुझी,
अनुया

मंचर
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. अनुयास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्राचा फोटो वाचला. मूळ पत्र पोस्टात टाकायचं चुकवू नकोस. गुरुवारी मशीन तापत ठेवलं आणि शुक्रवारी दोनशे अंडी ठेवलीसुद्धा. शेजारच्या जयदीपची गावरान अंडीही त्यात आहेत, तुझ्या तीन महिन्यांच्या भरवशावर.

तुझी भाषा मोठ्या घरात लाडावलेली दिसते. पाटी पुसल्याशिवाय मी तुला दुसरं गणित देत नसे, तेव्हा प्रभाकर म्हणायचा, ताई, पोरगी चार वर्षांची आहे. बापाचं ऐकलं असतं तर तूही अशीच अडून बसली असतीस.

माझ्या मशीनलाही दोन मिनिटांची गुरुवारची सुट्टी दिली तर भागेल का? जयदीप म्हणतो, काकू, परत सुरूच झालं नाही तर? म्हणून हात लावलेला नाही. सरांना सांग. मला सांगू शकलीस, आणि ते माझ्याहून कडक नसणार.

जेवत जा, म्हणजे आमची माया अंगी लागेल.
अरुंधतीआत्या

पिंपरी
सोमवार, १० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरांना सांगितलं. त्यांनी आधी बाकीचे बोर्ड पाठवायचे थांबवले आणि म्हणाले, गुरुवारी आपण सगळेच घरी, कळणार कोणाला?

भाषेला आता पाटी पुसायला शिकवलं आहे. पण ती नवव्या दिवसापुढे टिकते की नाही, हे मला अजून माहीत नाही, म्हणून तुझ्या अंड्यांवर ते पाहणार नाही. सुट्टीने भागेल, पण ती जबाबदारी तुझ्यावर टाकायची नाही. मशीनचा जुना थर्मोस्टॅट माळ्यावरून काढून ठेव, मी स्वतः बसवते. नवा बोर्ड शेजारी नुसत्या बल्बला जोडून ठेवू. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो काय करतो, याची मला फार उत्सुकता आहे.

जयदीपभाऊंना माझी चूक माझ्या वतीने सांग, आणि मला आहे तशी आपली म्हण.
तुझी,
अनुया

ता. क. तुझ्या बोर्डाचा नववा दिवस येत्या शुक्रवारी, तेव्हा तो अडेल. मी त्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने येते, गुरुवारी, १३ नोव्हेंबरला.