पाटीमुळे हुकलेले अणुकचरा-प्रशिक्षण आमच्या रस्त्याला मिळणेबाबत

प्रति,
मा. निधी वाटप अधिकारी,
आपत्कालीन प्रशिक्षण कक्ष (अणुकचरा वाहतूक मार्ग),
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली.

विषय : शाळेसमोरील रस्त्याचा प्रशिक्षण निधीच्या यादीत समावेश करणे व अर्जदाराच्या वडिलांबाबत लेखी खुलासा देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाबाहेर लावलेली 'निवड झालेले मार्ग' ही यादी, जी अर्जदाराने वरून खाली व खालून वर अशी दोनदा वाचली.
२) पलीकडच्या गावातील पिवळी जाकिटे, एकूण चोवीस (प्रत्यक्ष मोजलेली).

महोदय,

अर्जात सारखे 'मी, मी' केले की साहेबलोक वैतागतात, असे टायपिंगच्या दुकानातल्या काकांनी सांगितल्यामुळे पुढे सगळीकडे 'अर्जदार' असे लिहिले आहे. अर्जदार म्हणजे दहावी 'ब' मधील विद्यार्थिनी. वडील आरोग्य केंद्राची एकुलती एक ॲम्ब्युलन्स चालवतात. आवाज मोठा असल्याने शाळेत अर्जदारास 'भोंगा' म्हणतात. हा अर्ज मत्सरापोटी केला आहे, असे आईचे मत आहे. अर्जदारास ते मान्य आहे. पण मत्सरापोटी केलेली तक्रार खोटीच असते असे कुठे आहे? तरी पुढील मजकूर शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. अणुकचऱ्याचे ट्रेलर कागदावर पलीकडच्या गावातून जातात. प्रत्यक्षात तिथल्या पुलाचे काम गेले दीड वर्ष सुरू असल्याने ते आमच्या रस्त्याने, शाळेच्या फाटकासमोरून जातात. ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक आहे. ट्रेलरच्या आधी एक निळी जीप येते आणि ती दिसली की कोपऱ्यावरचा चहावाला बाकडे आत ओढतो. म्हणजे धोका आमच्याकडे आणि धोक्याचे शिक्षण त्यांच्याकडे, अशी ही वाटणी झाली आहे.

२. पलीकडच्या गावाला मिळालेल्या गोष्टी पुढीलप्रमाणे : पिवळी जाकिटे, किरणे मोजण्याची दोन मीटर, दोरीची रिळे, शिट्ट्या, आठ दिवसांचे प्रशिक्षण, दोन रंगीत तालमी आणि पेपरात फोटो. फोटोत पुढच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी आहे ती अर्जदाराची मावसबहीण. तिचे अक्षर सुंदर, वह्यांना कव्हरे, वेणीतला एक केस इकडचा तिकडे नाही. घरात तिला सगळे 'टापटीप' म्हणतात. ती विद्यार्थी मदतनीस झाली आहे. गर्दीला लांब ठेवणे, हे तिचे काम. सदर जाकीट घालून ती आमच्याकडे जेवायला आली. पंखा पाचवर होता, घाम निथळत होता, तरी तिने जाकीट काढले नाही. अर्जदाराने शिट्टी मागितली, तर म्हणाली, "घरात नाही वाजवत गं. सुरक्षा साहित्य आहे ते." मावशी लगेच म्हणाली, "बघ, किती जबाबदार झालीये!" आणि आईने अर्जदाराकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर सोबत जोडता येत नाही, म्हणून इथे फक्त नोंद करीत आहे.

३. आता आम्हाला हे का मिळाले नाही, ते लिहिताना अर्जदाराचा हात जड होत आहे. चूक आपल्या कार्यालयाची नाही. चूक आमची आणि त्यातही मोठा वाटा अर्जदाराचा आहे.

शाळेसमोरून मोठ्या गाड्या जाऊ नयेत म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी सहा वर्षे अर्ज केले. शेवटी 'अवजड वाहनांना सक्त मनाई' अशी पाटी लावायची परवानगी मिळाली. पाटी रंगवण्याच्या स्पर्धेत अर्जदाराचा पहिला क्रमांक आला. लाल किनार, पांढरी जमीन, मधोमध आडवी फुली मारलेला ट्रक. पाटी इतकी छान झाली की गाड्या थांबल्या नाहीत, तरी लोकांना त्या थांबल्यासारख्या वाटू लागल्या.

मग आपल्या कार्यालयाचे पाहणी करणारे साहेब आले. त्यांनी विचारले, इथून अवजड वाहतूक होते का? 'होते' म्हटले तर पाटीचा उपयोग नाही असे ठरेल आणि पाटी काढून नेतील, ही सर्वांना धास्ती. बाई म्हणाल्या, "छे हो, पाटी बघा ना!" शिपाईमामा म्हणाले, "इथून सायकलसुद्धा हळू जाते." चहावाला साहेबांना चहा देत असतानाच दोन ट्रेलर धडधडत गेले. कपातला चहा बशीत सांडला. साहेबांनी भुवया उंचावल्या, तर चहावाला म्हणाला, "हे जात नाहीत, साहेब. हे आज चुकून आलेत." साहेबांनी लिहिले : 'वाहतूक नाही.' अर्जदार शेजारीच उभी होती. खरे बोलायला तिला कोणी अडवले नव्हते. परंतु साहेबांनी नुकतेच "पाटी कोणी रंगवली? फारच छान," असे विचारले होते आणि अर्जदार त्या आनंदात होती.

४. मागील महिन्याच्या २२ तारखेस, मंगळवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, मधल्या सुट्टीत, एक ट्रेलर शाळेजवळच्या वळणावर घसरला. पुढची केबिन गटारात कलंडली. मागचे पोलादी पिंप जागचे हलले नाही, हे नंतर कळले. त्या वेळी कोणालाच काही कळत नव्हते. एक बाई म्हणाल्या खिडक्या लावा, दुसऱ्या म्हणाल्या उघडा. पी.टी.च्या सरांना आगीच्या वेळी काय करायचे तेवढे पाठ होते. त्यांनी घंटा दिली आणि सर्व मुलांना रांगेने मैदानावर आणून उभे केले. मैदान ट्रेलरच्या अगदी लगत आहे. साडेतीनशे मुले कुंपणाला नाक लावून अणुकचरा बघत होती. सर भित्रे नाहीत किंवा मूर्खही नाहीत. त्यांना जे शिकवले होते, ते त्यांनी चोख केले.

केबिनमध्ये ड्रायव्हर अडकून ओरडत होता. लोक मागे सरकत होते. अर्जदाराचे वडील आरोग्य केंद्रातून धावत आले, नाकाला रुमाल बांधला, काच फोडली आणि त्या माणसाला काखेत हात घालून बाहेर ओढले. त्याच्या पायातून रक्त वाहत होते. वडिलांचा शर्ट, हात, सगळे माखले.

चाळीस मिनिटांनी पलीकडच्या गावाचे पथक आले. शांतपणे, एका ओळीत, प्रत्येकाला आपले काम माहीत असलेले. टापटीप दोरी धरून पार लांब, चौकापाशी उभी राहिली आणि अर्जदार वडिलांकडे धावत निघाली, तर म्हणाली, "दोरीच्या मागे हो." अर्जदार म्हणाली, "अगं, माझे बाबा आहेत ते!" ती म्हणाली, "माहितीये. म्हणूनच सांगतेय. मागे हो." महोदय, अर्जदार मागे झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे ऐकले. पथकप्रमुखांनी वडिलांच्या तळहातांवरून, शर्टावरून, चपलांवरून मीटर फिरवले, दोनदा फिरवले आणि मोठ्याने सांगितले, "काही नाही. एकदम स्वच्छ. जा, आंघोळ करा, घरी जा."

५. खरी तक्रार इथून पुढे आहे. पथकप्रमुखांचे आमच्या गावात कोणीच ऐकले नाही. पलीकडच्या गावाचा माणूस, त्याला काय, बोलून निघून गेला, असे सगळ्यांचे मत पडले. चहावाला वडिलांना आता कागदी कपात चहा देतो आणि तोही हातात न देता भिंतीवर ठेवतो. हा तोच चहावाला, जो वडिलांना वीस वर्षे 'दोस्ता' म्हणतो. पेशंटचे नातेवाईक हळूच विचारतात, "दुसरा ड्रायव्हर नाही का हो?" अर्जदाराच्या मैत्रिणीने डबा खाताना दोन बोटे अंतर ठेवले. फक्त दोनच बोटे, पण अर्जदाराने मोजली.

आणि सर्वात वाईट म्हणजे वडिलांनाही तेच वाटू लागले आहे. आमच्या घरात एक शेंडेफळ आहे, वय वर्षे दोन. वडील दारात आले की ती दोन्ही हात वर करून 'घे, घे' करते. वडील हात खिशात घालतात. आज बावीस दिवस झाले, त्यांनी तिला उचललेले नाही. तिला वाटते, खिशात खाऊ आहे. ती खिसा ओढत बसते. आई चिडते, "अहो, मीटर लावून बघितलं ना त्यांनी!" तर वडील म्हणतात, "मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील ते."

६. अर्जदाराने वडिलांना समजावले, की किरणे म्हणजे सर्दी नव्हे, पिंप फुटले नाही म्हणजे अंगाला काही लागले नाही. वडिलांनी विचारले, "हे तू कुठे शिकलीस?" महोदय, खरे तर अर्जदार शिकली कुठेच नव्हती. ग्रंथालयातल्या एका जुन्या मासिकात अर्धे पान वाचले होते. ज्या मुलीने आठ दिवस बसून शिकले होते, ती बसने पंचवीस मिनिटांच्या अंतरावर राहत होती आणि तिला फोन करायचा म्हणजे अर्जदाराच्या अंगावर काटा येत होता. जाकीट गेले खड्ड्यात, शिट्टीही गेली, पण आपल्या बाबांना धीर द्यायला लागणारे एक वाक्य तिच्याकडे असावे आणि आपल्याकडे नसावे, यासारखी जळजळ दुसरी नाही. तीन दिवस अर्जदाराने फोन उचलला आणि ठेवला. चौथ्या दिवशी केला.

ती मागच्या रविवारी आली. जाकीट न घालता. अर्जदाराला तेही खटकले, कारण आता नाव ठेवायला काही राहिले नाही. वडिलांसमोर बसून तिने वही उघडली आणि म्हणाली, "काका, आम्हाला पहिल्या दिवशी पहिलं काय शिकवलं सांगू? माणसाचा जीव जात असेल तर आधी माणूस, मग मीटर. तुम्ही थांबला असतात ना, तर आमच्या परीक्षेत नापास झाला असतात." वडील म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचले. मग म्हणाले, "खाली कोणाची सही आहे?" तिने शिक्षकांची सही व शिक्का दाखवला. वडील बराच वेळ शिक्क्याकडे बघत राहिले. मग एक हात खिशातून बाहेर काढला आणि एक बोट पुढे केले. शेंडेफळाने ते मुठीत पकडले.

त्या क्षणी अर्जदार मनापासून आनंदली आणि मनापासून जळली. दोन्हींची नोंद घ्यावी. ते वाक्य अर्जदाराने म्हणायला हवे होते. आमच्या गावातल्या कोणीतरी म्हणायला हवे होते. चहावाल्याला ते येत असते, तर त्याने कप भिंतीवर ठेवला नसता.

७. सबब विनंती की :

(अ) पुलाचे काम संपेपर्यंत तरी आमचा रस्ता यादीत घ्यावा. पाटी खोटी आहे, असे अर्जदार या अर्जाद्वारे लेखी कबूल करीत आहे. पाटी काढावी लागल्यास स्टूल अर्जदार घरून आणेल. मुख्याध्यापिकाबाईंनी जड मनाने परवानगी दिली आहे.

(आ) प्रशिक्षणासाठी तीस जागा द्याव्यात. त्यांत पी.टी.चे सर, चहावाला, शिपाईमामा व वडील यांना आधी घ्यावे. चहावाल्यास पहिल्या रांगेत बसवावे.

(इ) मीटर एक तरी द्यावे. निधी कमी पडत असल्यास जाकिटे रद्द करावीत. हे वाक्य लिहायला अर्जदारास एक आख्खा तास लागला आहे.

(ई) विद्यार्थी मदतनीस म्हणून अर्जदाराचा विचार व्हावा. गर्दीला लांब ठेवण्यासाठी शिट्टीची गरज भासणार नाही, याची खात्री वर्गशिक्षिका देतील. शिकवायला कोणी मोकळे नसल्यास टापटीप चालेल. ती चांगली शिकवते. (हे तिला कळवू नये.)

(उ) वरील सर्वास वेळ लागणार, हे अर्जदार समजू शकते. तोपर्यंत किमान एक पत्र वडिलांच्या नावे पाठवावे : त्यांनी केले ते योग्य होते आणि त्यांच्या हातांना काहीही झालेले नाही. पत्र एका ओळीचे असले तरी चालेल. सही ठळक असावी व शिक्का पूर्ण उमटलेला असावा, कारण वडील तो बारकाईने बघतात.

शेंडेफळाच्या हाती अद्याप एकच बोट आले आहे. बाकीच्या बोटांची वाट आपल्या कार्यालयातून जाते.

आपली नम्र व उत्तराशिवाय गप्प न बसणारी,

(सही)
ॲम्ब्युलन्स चालकांची थोरली मुलगी,
इयत्ता दहावी 'ब'
दिनांक : १४, बुधवार

सोबत :
१) पाटीचा फोटो, मागून जाणाऱ्या ट्रेलरसह.
२) मधल्या सुट्टीत मोजलेल्या ट्रेलरची यादी, विज्ञानाच्या वहीतील चार पाने. (निळ्या जीपशिवाय आलेले वेगळे दाखवले आहेत.)
३) टापटीपच्या वहीतील पहिल्या दिवसाच्या टिपणाची नक्कल. नक्कल अर्जदाराच्या हातची आहे. मूळ अक्षर जास्त चांगले आहे.
४) अर्ज करण्यास वडिलांची लेखी संमती. त्यांनी सही केली आहे. अर्जदार पेन हातात देऊ लागली, तर म्हणाले, "टेबलावर ठेव, मी घेतो."