सातव्या मजल्यावरच्या टाळ्या

ती. बाबांना,

लेकीचा नमस्कार, रागातला असला तरी साष्टांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

पण काल डोकंच फिरलं. मी ज्या लिफ्टची देखभाल करते तिचा दोर झिजलाय, हे साहेबलोकांना समजवायला मला सातव्या मजल्यावर बोलावलं. दोन रविवार घालवून पडद्यावर दाखवायला वीस चित्रं केली होती. तिसऱ्या चित्रालाच सगळे मोबाइलमध्ये! एकाने तर जांभई देत चहा मागवला.

मग तुमची युक्ती वापरली. वर्गात गोंगाट झाला की तुम्ही बोलता बोलता गप्प व्हायचात आणि पोरं चिडीचूप व्हायची. तशी मी गप्प झाले. तर संपलं समजून मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशातून तारांचे तुकडे काढले आणि त्यांच्या कपाजवळ आपटले.

"हे काय?"

"तुम्ही आत्ता ज्या लिफ्टने वर आलात, तिच्या दोराच्या तुटलेल्या तारा."

मोबाइल खाली, माना वर. दोर लगेच बदलायचं ठरलं आणि सगळे जिन्याने उतरले.

तीन महिने हेच लिहून देत होते मी, बाबा. आणि तीन महिने रोज त्याच लिफ्टच्या टपावर उभी राहून काम करत होते. तेव्हा कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

तुमचा खोकला कसा आहे? आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा टपाचं तेवढं गाळा.

तुमची,
धाकटी