पँटमधली माया

३ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाईट कोलेस्टेरॉल फार वाढलंय. लोणी, तळलेलं बंद, वजन उतरवा, गोळी रोज घ्या. नाहीतर हृदयावर येईल. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. घाबरलो. उद्यापासून कडक डाएट. वजनकाटा मात्र आणणार नाही. मी शिंपी आहे. कमरेचं खरं काय ते पँट सांगते.

४ जानेवारी
नाश्त्याला ओट्स. याच्यापेक्षा खळ बरी. हिनेही माझ्यासोबत लोणी सोडलं. म्हणाली, एकट्याला जड जातं. डोळे भरून आले. निश्चय दुप्पट पक्का.

५ जानेवारी
दुकानाशेजारी बेकरी आहे हा माझा गुन्हा नाही. एकच क्रीम रोल. उभ्याने. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही.

१९ जानेवारी
पँट आवळतेय. धुऊन कापड आटलं असणार. शिवणीत दुमडलेली माया अर्धा इंच सोडली. जादा कापड आपण ठेवतो कशाला?

८ फेब्रुवारी
हिचा ड्रेस दोन्ही बाजूंनी आत घेतला. केवढी उतरलीये! तुमचं कसं चाललंय, विचारलं. जोरात, म्हटलं. समोर बसून ही कोरडा टोस्ट चावत होती आणि माझ्या पोटात दोन क्रीम रोल. लाज वाटली. खरंच वाटली. उद्यापासून बेकरी बंद.

९ फेब्रुवारी
बेकरीवाल्याला वाईट वाटेल म्हणून गेलो.

२ मार्च
चमत्कार! पँट सैल! आत बोट जातंय. तपश्चर्या फळाला आली. जिना चढताना धाप लागते, पण जिनाच उभा आहे. गोळी आज राहिली. बारीक माणसाला गोळी कशाला?

४ एप्रिल
रिपोर्ट आले. हिनेही रक्त दिलं होतं. तिचं उतरलं, माझं आणखी चढलं. लॅब चुकली, पँट बघा, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी बघितली नाही.
दुकानात येऊन मीच पँट उलटी करून पाहिली. मायेचा पत्ता नाही, सगळी सोडलेली. टाके हाताचे, बारीक, सरळ. हिचे.
घरी जाऊन विचारलं. म्हणाली, जिन्यात तुमची धाप वरपर्यंत ऐकू येते, म्हटलं निदान पोटाला काचू नये. आणि शर्टावरचं क्रीम रोज धुतं कोण?
मान वर करवेना. ही बटण लावत होती. दोरा तोडून म्हणाली, आता मात्र माया संपली.
पँटमधलीच ना, असं विचारायचा धीर झाला नाही.